बढती मिळाली, आता विभाग चालवायचा कसा?

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत जा, एक गोष्ट हमखास दिसते. विभागातला सगळ्यात हुशार इंजिनियर एप्रिलच्या पत्रात मॅनेजर होतो आणि दिवाळी येईपर्यंत सगळेच त्याच्यावर वैतागलेले असतात. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सच्या पोरांना बाजूला सारून हा स्वतः पाना घेऊन उभा. वरचे म्हणतात, ‘एमआयएस (कामाच्या आकड्यांचा ठरावीक अहवाल) कधीच वेळेवर येत नाही.’ खालचे म्हणतात, ‘साहेब आम्हाला काही करूच देत नाहीत.’ घरी जायला रोज रात्रीचे नऊ.

हा माणूस आळशी नसतो की अडाणी नसतो. ज्या कामातल्या हातखंड्यामुळे बढती मिळाली ते काम आता आपलं राहिलेलं नाही, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. नेतृत्वावरची भाषणं ऐकून हे जमत नाही, सवयी बदलाव्या लागतात. त्या कोणत्या आणि कशा क्रमाने बदलायच्या, ते पुढे सांगतो. उदाहरणं कारखान्यातली आहेत. बँकेची शाखा किंवा सॉफ्टवेअरची टीम सांभाळणाऱ्यांनी शब्द बदलून घ्यावेत.

पायरी १ : पहिला महिना फक्त ऐका

नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात टेबलांची जागा बदलतो, रिपोर्टचा फॉरमॅट बदलतो. हे टाळा. त्याऐवजी भेटायच्या लोकांची यादी करा. तुम्हाला थेट रिपोर्ट करणारे सगळे, स्टोअर्स आणि अकाउंट्समधला एकेक माणूस, युनियनचे पदाधिकारी, दोन-तीन व्हेंडर आणि ज्याच्याकडे तुमचा माल किंवा तुमचं काम पुढे जातं तो विभाग. पंधरा वर्षं त्याच लाइनवर असलेला एखादा ऑपरेटर यादीत हवाच. विभागाचा खरा इतिहास त्याच्याकडे असतो.

प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा. काय नीट चाललंय, जे मी बिघडवू नये? तुमचा वेळ सगळ्यात जास्त कशात फुकट जातो? माझ्या जागी असता तर पहिलं काय केलं असतं? उत्तरं वहीत लिहा आणि तिथल्या तिथे स्वतःची बाजू मांडायला लागू नका. तिसरी शिफ्टही एकदा बघून या. रात्री अडीच वाजता क्वालिटीचा माणूस जागेवर असतो का, कच्चा माल संपला तर कोणाला उठवतात, हे सकाळच्या मीटिंगमध्ये कधीच कळत नाही.

कालपर्यंत डबा वाटून खाणारे सहकारी आज तुमच्या हाताखाली आले असतील तर थोडा अवघडलेपणा येणारच. अरे-तुरे असेल तर ते तसंच राहू द्या. एकदम अहो-जाहो सुरू केलं तर हसं होतं. मात्र कामाचं वाटप, रजा आणि अप्रेझल या तीन बाबतींत मैत्री मध्ये येणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात चहा पिताना तोंडाने सांगून टाका.

पायरी २ : आपली जुनी कामं हातातून सोडा

सगळ्यात अवघड पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

गेल्या आठवड्यात तुम्ही काय काय केलं ते कागदावर उतरवा. प्रत्येक कामापुढे लिहा : हे माझ्याशिवाय कोण करू शकेल? आज नाही, पण तीन महिने शिकवल्यावर? प्रामाणिकपणे लिहिलंत तर निम्म्याहून जास्त कामांपुढे कोणाचं ना कोणाचं नाव येतं. ती कामं एकेक करून द्यायला लागा.

काम ‘देणं’ म्हणजे काय, इथे बहुतेकांची गडबड होते. जाता जाता ‘तो डिस्पॅचचा विषय जरा बघून घ्या’ म्हणणं म्हणजे काम देणं नव्हे. दोन दिवसांनी तुम्ही ‘झालं का?’ विचारता, समोरचा ‘बघतोय साहेब’ म्हणतो, आणि चौथ्या दिवशी तुम्हीच ट्रान्सपोर्टरला फोन लावता. हेच नीट सांगायचं तर असं : ‘उशिरा जाणाऱ्या गाड्यांचा विषय आजपासून तुमचा. महिनाअखेरपर्यंत ठरल्या वेळी निघणाऱ्या गाड्या दहातल्या सहावरून नऊवर न्यायच्या. ट्रान्सपोर्टर बदलायचा असेल तर मला विचारा. जादा हमाल, पॅकिंगची वेळ, पंचवीस हजारांपर्यंतचा खर्च, हे तुम्हीच ठरवा. दर सोमवारी दहा मिनिटं बसू.’ म्हणजे काय साधायचं, कधीपर्यंत, किती अधिकार आणि पुन्हा कधी भेटायचं, या चारही गोष्टी आल्या. यातला अधिकार राहून गेला तर उरते ती निव्वळ जबाबदारी, आणि अधिकाराविना जबाबदारी कोणाच्याही गळ्यात मारू नये.

मोठ्या पातळीवर हे कसं दिसतं ते कोकण रेल्वेत बघा. १९९० साली महामंडळ स्थापन झालं आणि ई. श्रीधरन त्याचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक झाले. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, वाटेत नव्वदच्या वर बोगदे, नद्या-खाड्यांवरचे पूल, आणि वर कोकणातला पावसाळा. एका माणसाने टेबलाशी बसून हे चालवणं शक्यच नव्हतं. मार्गाचे सात भाग पाडले गेले : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा आणि त्याच्यावर एक मुख्य अभियंता. कार्यालयांत उलटी चालणारी घड्याळं लावली होती, मुदतीला किती दिवस उरले ते दाखवणारी. काम कुणाचं आणि वेळ किती, दोन्ही भिंतीवर लिहिल्यासारखं स्पष्ट. तरीही मुदत हुकली. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ मातीने वर्षानुवर्षं छळलं, आणि पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ला सुरू झाला. पण एका बोगद्याने अडवलं म्हणून बाकीचे सहा भाग हातावर हात धरून बसले नाहीत, ते कामाच्या या वाटणीमुळे.

आता उलट बाजू. काम दिलंत की काही दिवसांनी ते परत यायला लागतं. सुपरवायझर दारात उभा राहतो : ‘साहेब, टूल रूमवाले डाय (साचा) देत नाहीत, काय करू?’ तुमच्या जिभेवर उत्तर तयार असतं. ते गिळा. विचारा, ‘तुम्हाला काय वाटतं, काय करावं?’ पहिल्यांदा तो गोंधळेल. महिन्याभरात तोच माणूस दोन पर्याय घेऊन येईल. त्याचा पर्याय तुमच्यापेक्षा थोडा कमी चांगला असला आणि त्याने माणूस, मशीन किंवा ग्राहक यांना धोका नसला, तर त्याचाच होऊ द्या. सुरक्षेच्या बाबतीत मात्र ही उदारता नको. तिथे लाइन थांबवा, मग बोला.

पायरी ३ : पैशाची भाषा शिका

वरच्या खुर्च्यांवरची चर्चा नगांत होत नाही, रुपयांत होते. ‘रिजेक्शन (नापास होणारा माल) २ टक्क्यांवरून दीडवर आणलं’ हे ऐकून संचालक मान डोलावतील. ‘महिन्याला एक लाख वाचवले’ म्हणालात तर ते वर बघतील. कंपनीचा निव्वळ नफा विक्रीच्या ५ टक्के असेल तर एक लाख नफ्यासाठी वीस लाखांचा माल विकावा लागतो, हे गणित स्वतः मांडून दाखवा. तसंच साठ्याचं. गोदामात गरजेपेक्षा दोन कोटींचा माल जास्त पडलाय आणि कॅश क्रेडिटचं (बँकेकडून घेतलेल्या खेळत्या कर्जाचं) व्याज १० टक्के आहे, म्हणजे वर्षाला वीस लाख रुपये काहीही न करता चाललेत.

अकाउंट्समधल्या कोणाला तरी तास-दीड तास बसवून घ्या आणि आपल्याच कंपनीचं नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह समजून घ्या. यात लाजायचं काही नाही. अकाउंट्सवाल्यांना सहसा कोणी काही विचारत नाही, ते आनंदाने सांगतात.

एक नियम तर खरेदीशी संबंध येणाऱ्या प्रत्येक विभागप्रमुखाला पाठ हवा. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर २००६च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी थकलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून प्राप्तिकरात धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देऊ त्या वर्षी धरता येते. ‘हे फायनान्सचं काम’ म्हणून हात झटकू नका. माल आल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो आल्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं, आणि तपासणीची फाइल तुमच्याच विभागात अडकलेली असते.

पायरी ४ : बोलायचं तेव्हा नेमकं बोला

कौतुक चारचौघांत, कानउघाडणी बंद दाराआड, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळेच विसरतात. कानउघाडणीही मोघम नको. ‘तुमचं हल्ली लक्ष नसतं’ म्हटलं की माणूस भांडतो किंवा गप्प होतो. ‘मंगळवारी आणि गुरुवारी शिफ्टचा चार्ज देताना रजिस्टर कोरं होतं, त्यामुळे दुसऱ्या शिफ्टने जुन्याच सेटिंगवर माल काढला. काय झालं?’ असं म्हटलं की बोलणं सुरू होतं. कदाचित घरी कोणी आजारी असेल. कदाचित रजिस्टर ठेवायची जागाच लाइनपासून लांब असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही.

एका बाबतीत मात्र स्वतः ‘समजूत काढायला’ जाऊ नका. कुठल्याही महिला कर्मचाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली तर ती अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अशी समिती २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे. ‘चहा पिऊन मिटवून टाकू’ म्हणणारा मॅनेजर स्वतः अडचणीत येतो आणि तिच्यावर तर अन्यायच करतो.

मीटिंगबद्दल फार सांगत नाही. विषय आधी कळवा, वेळेवर सुरू करा, कोण काय कधीपर्यंत करणार ते शेवटी मोठ्याने वाचून दाखवा.

पायरी ५ : वाईट बातमी लवकर वर न्या

ग्राहकाचा माल शुक्रवारी जाणार नाही हे मंगळवारी कळलं तर मंगळवारीच साहेबांना सांगा. ‘बघू, गुरुवारपर्यंत होईल कदाचित’ या आशेवर बसलात की साहेबांना ती बातमी ग्राहकाकडून कळते. सांगताना तीन गोष्टी न्या : काय झालं, आम्ही काय करतोय, तुमच्याकडून काय हवंय. एका पानात मावलं पाहिजे.

आपल्याकडच्या अनेक चांगल्या मॅनेजरांची गाडी इथेच अडते. मुंबईच्या हेड ऑफिसात इंग्रजी किंवा हिंदीत बोलायचं म्हटलं की विषय पूर्ण माहीत असणारा माणूस शेवटच्या खुर्चीवर गप्प बसतो आणि निम्मं माहीत असणारा दुसराच बोलून जातो. फाडफाड बोलता येण्याची वाट बघू नका. पाच छोटी वाक्यं आधी लिहून काढा, पहिल्या वाक्यात आकडा ठेवा आणि पहिल्या पाच मिनिटांतच एकदा तोंड उघडा. उशीर केला की धीर आणखी सुटतो.

पायरी ६ : निर्णयवही ठेवा

साधी शंभर पानी वही चालते. मोठा निर्णय घेतला की तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतं, एवढं चार ओळींत लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा वाचा. आपण माणसं निवडताना चुकतो की मुदती ठरवताना, हे दहा-बारा नोंदींनंतर दिसायला लागतं. नोकरीत राहून व्यवस्थापनाची पदवी घ्यायची असेल तर ती नक्की घ्या, ओळखी वाढतात, फायनान्स पक्कं होतं. पण आधी एक वर्षभर ही वही भरा. वर्गात काय विचारायचं ते तिच्यातूनच कळेल.

पायरी ७ : आपल्या जागी बसणारा तयार करा

‘मी नसलो तर इथलं पान हलत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्याला पुढची बढती मिळणं कठीण असतं. त्याला उचललं तर विभाग कोसळेल, अशी भीती वरच्यांनाही वाटते. म्हणून दोन माणसं हेरा. एकाला मासिक रिव्ह्यूचं सादरीकरण करू द्या, दुसऱ्याला पुढच्या वर्षीचं बजेट मांडायला लावा, तुम्ही शेजारी बसा. श्रेय त्यांच्या नावानेच वर जाऊ द्या.

मग आठवडाभर रजा घ्या, गणपतीत किंवा मे महिन्यात. महिनाअखेर टाळा. जाण्याआधी कोणत्या तीनच कारणांसाठी फोन करायचा ते लिहून द्या : अपघात, ग्राहकाची लाइन बंद पडणं, कामगारांचा संप. परत आलात की किती फोन आले ते मोजू नका, कशासाठी आले ते बघा. दोन हजारांच्या खरेदीसाठी फोन आला असेल तर दुसऱ्या पायरीतला अधिकाराचा भाग अजून कच्चा आहे. सोमवारी तिथूनच कामाला लागा.