घर बदललं, आता मांजराला बाहेर कधी आणि कसं सोडायचं

शिफ्टिंग झालं की दोन-तीन दिवसांतच मांजर दारापाशी जाऊन बसतं आणि ओरडायला लागतं, रात्री दोनला, पहाटे चारला, असं ओरडतं की ऐकवत नाही आणि वाटतं सोडावं एकदाचं, जुन्या घरी रोज जातच होती की बाहेर. प्लीज सोडू नका. मी सोडलं होतं. कर्वेनगरमध्येच एका सोसायटीतून जेमतेम दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या सोसायटीत आम्ही गेलो, चौथ्या दिवशी चिंगीचं ओरडणं सहन होईना म्हणून दार उघडलं, ती गेली आणि नऊ दिवसांनी सापडली ती जुन्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, पंजे सोलवटलेले, अंगाची नुसती काडी झालेली. तिथल्या वॉचमनकाकांनी ओळखली म्हणून मिळाली. ते नऊ दिवस कुणाच्याच वाट्याला येऊ नयेत. पुढे आम्ही तळेगावला रो हाउसमध्ये आलो तेव्हा चिंगी आणि आमचा बोका टिप्या दोघांचंही सगळं वेळ घेऊन केलं, ते कसं केलं तेच लिहितेय.

कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, असं आपल्याकडे म्हणतात ना, त्यात तथ्य आहे. मांजराच्या गालावर, हनुवटीखाली, कपाळावर वासाच्या ग्रंथी असतात, ती दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला गाल घासत फिरते तेव्हा स्वतःचा वास तिथं लावून ठेवत असते. जुन्या घराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर तो वास वर्षानुवर्षं बसलेला असतो, नवीन घराला मात्र रंगाचा, फरशीचा, आधीच्या माणसांचा वास येतो. अशात बाहेर पडली तर ती घरी जायलाच निघते, फक्त तिचं घर अजून तिकडंच असतं. त्यामुळे आधी नवीन घर तिच्या नाकात बसवायचं आणि मगच दार उघडायचं, बाकीचं सगळं यातूनच येतं.

सामान हलवायच्या दिवसापासूनच सांभाळा. पॅकर्सची माणसं दारं सताड उघडी ठेवतात, त्यांचा दोष नाही, कपाट काय दार लावून बाहेर काढणार. सकाळीच मांजराला बाथरूममध्ये ठेवा, पाणी, लिटर ट्रे (तिचा शी-शूचा ट्रे), तिची चादर आत आणि दारावर मोठ्या अक्षरात कागद, ‘आत मांजर आहे, उघडू नका’. कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, आठवडाभर आधीच हॉलमध्ये उघडा टाकून ठेवायचा, आत जुनी चादर घालायची, म्हणजे ऐनवेळी कोंबाकोंबी होत नाही. निघायच्या तीन-चार तास आधी खायला देऊ नका आणि गाडीत कितीही ओरडली तरी कॅरिअर उघडायचा नाही, वरून सुती कापड टाकलं की बऱ्याच जणी शांत होतात.

नवीन घरी आधी एकच खोली. तिथं तिचं सगळं जुनं सामान, न धुतलेलं. हे मुद्दाम सांगतेय कारण नवीन घरात सगळं स्वच्छ हवं म्हणून आपण तिची गादी मशीनला टाकतो आणि तिच्या ओळखीचा एकमेव वासही धुऊन जातो. जुनी मळकी चादर, नखं घासायचं पोतं, जुन्या ट्रेमधली मूठभर लिटर नवीन ट्रेमध्ये. पलंगाखाली शिरून बसली तर ओढून काढू नका, ताटली आणि पाणी जवळ सरकवा आणि तुम्ही तिथंच जमिनीवर फोन बघत बसा. मऊ रुमाल तिच्या गालांवरून फिरवायचा आणि तोच रुमाल दाराच्या चौकटीला, भिंतीच्या कोपऱ्यांना, तिच्या उंचीवर पुसायचा. मी रोज करायचे. सहाव्या दिवशी टिप्या बाहेर आला, मी पुसलेल्या चौकटीपाशी थांबला, बराच वेळ हुंगलं, मिश्या पुढे काढल्या आणि मग डावा गाल दाबून असा घासला की ओठ वर जाऊन सुळा दिसला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की जमणारे.

फिनाइलचं लक्षात ठेवा. नवीन घर म्हटलं की आपण बादली भरून फिनाइलनं पुसतो, पण त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, पुसलेल्या फरशीवरून चालून तिनं पंजे चाटले की ते पोटात जातं. साध्या पाण्यानं पुसा. आधीच्या लोकांनी ओट्याखाली, माळ्यावर उंदराचं औषध ठेवलंय का तेही बघून घ्या. वास्तुशांत असेल तर तो पूर्ण दिवस मांजर कुलूपबंद खोलीत, होमाचा धूर, पन्नास पाहुणे आणि उघडं दार, एवढ्यात कुणाचं लक्ष राहत नाही.

पहिल्या दिवशी कमी खाल्लं तर चालतं, पण पूर्ण एक दिवस तोंडच लावलं नाही तर व्हेटला फोन करा, मांजराला उपास सोसत नाही, लिव्हरवर येतं. आणि बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन कण्हतोय पण लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. जागा बदलल्याच्या ताणानं बोक्यांचा मूत्रमार्ग तुंबू शकतो आणि त्यात जीव जातो.

आता मुख्य प्रश्न, किती दिवस? कमीत कमी तीन आठवडे, भित्र्या मांजराला त्याहून जास्त. जुनं घर जवळ असेल, म्हणजे एक-दोन किलोमीटरवर, तर मी पाच आठवडे म्हणेन, कारण फिरता फिरता ओळखीची गल्ली लागली की पाय आपसूक तिकडं वळतात. कॅलेंडरपेक्षा तिच्याकडे बघा पण. पोटभर खातेय, शेपटी वर करून घरभर फिरतेय, हॉलच्या मध्यभागी पोट वर करून झोपतेय आणि हाक मारली की येतेय, हे सगळं दिसलं पाहिजे.

ते हाक मारल्यावर येणं या तीन आठवड्यांत शिकवून घ्यायचं. आमच्याकडे स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवतो, तीन वेळा, आणि लगेच खाणं. प्रत्येक जेवणाआधी न चुकता आणि एरवी उगाच कधीही नाही. पंधरा दिवसांत टिप्या वरच्या मजल्यावरून झोपेतून उठून धावत यायला लागला.

दवाखान्याचं कामही याच काळात उरका. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस घेऊन झालेली हवी आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेलं हवं, याबाबत माझं मत पक्कं आहे. ऑपरेशन न झालेला बोका माजावरच्या मादीमागे कुठवर जाईल सांगता येत नाही, मारामारीत चावे घेऊन येतो ते वेगळं, आणि मादी बाहेर पडली की साधारण नऊ आठवड्यांनी घरात पिल्लं. मायक्रोचिप जमल्यास कातडीखाली बसवून घ्या, तांदळाच्या दाण्याएवढी असते, पंधरा आकडी नंबर असतो, फक्त त्यानं मांजर कुठे आहे ते कळत नाही, कुणी स्कॅन केलं तरच उपयोग. म्हणून गळ्यात पट्टा आणि त्यावर तुमचा आत्ताचा मोबाइल नंबर, पण पट्टा ओढ बसली की आपोआप सुटणाराच घ्या. दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधतात तो मात्र काढून टाका, फांदीत किंवा ग्रिलमध्ये अडकला की फास बसतो.

मांजराआधी तुम्ही गल्ली फिरून या, एकदा पहाटे आणि एकदा रात्री अकराला. कुत्री किती आहेत, कुठे बसतात, दुसरा दांडगा बोका आहे का, विहीर किंवा उघडी टाकी आहे का. आमच्याकडे मागे मोकळा प्लॉट आहे, गवत वाढलेलं, पावसाळ्यात तिथं घोणस निघते, म्हणून मागचं दार आम्ही मांजरांसाठी कधीच उघडलं नाही. समोर वाहता रस्ता असेल किंवा तुम्ही चौथ्या मजल्यावर असाल तर मनापासून सांगते, बाहेर सोडूच नका, बाल्कनीला जाळी मारा, खिडकीत फळी ठोका, रोज खेळवा. सवय होते.

बाहेर सोडायचा पहिला दिवस सुट्टीचा, सकाळचा, शांत. दिवाळीचे फटाके, विसर्जनाचे ढोल, शेजारी लग्न, असल्या दिवसांत मुहूर्त नको आणि मुसळधार पावसातही नको. मांजर उपाशी पाहिजे, म्हणजे सकाळचं खाणं दिलेलंच नको. दार उघडा आणि तुम्ही पायरीवर बसा. उचलून बाहेर नेऊ नका, हे फार महत्त्वाचं, तिच्या पायांनी गेली तर आत यायची वाट तिला माहीत असते, तुम्ही उचलून नेलं तर ती वाट तिच्या डोक्यात तयारच होत नाही. चिंगी त्या दिवशी उंबऱ्यावर सात-आठ मिनिटं नुसती उभी होती, एक पंजा बाहेर, तीन आत, कुठंतरी मिक्सर चालू झाला तशी सुर्रकन आत पळाली, परत आली, पायरी हुंगली, कुंडी हुंगली. दहा मिनिटांनी वाटी वाजवली, आली, खाल्लं, दार बंद. एवढंच. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं, मग वीस, असं दोन आठवडे वाढवत न्यायचं, रोज तेच दार आणि ती बाहेर असेपर्यंत ते उघडं, म्हणजे दचकली की धावत आत येता येतं. दिवेलागणीच्या आत दोघंही घरात, हा नियम आमच्याकडे अजून आहे.

आणि नाहीच आली एखाद्या दिवशी तर लांब पळत सुटू नका. घाबरलेलं मांजर बहुतेक वेळा जवळच, दोन-चार घरांच्या आत, गप्प दडून बसलेलं असतं, हाक ऐकूनही उत्तर देत नाही. गाड्यांखाली, जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, शेजाऱ्यांच्या बंद गॅरेजमध्ये बघा, ती उघडून दाखवायला सांगा. रात्री उशिरा सगळं निजल्यावर टॉर्च घेऊन जा, डोळे चमकतात, आणि वाटी वाजवून एका जागी शांत बसून राहा. पायरीवर तिची चादर ठेवा, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका. त्याच दिवशी जुन्या घरी, तिथल्या वॉचमनला फोन करा, दिसली तर बंद खोलीत ठेवून लगेच कळवायला सांगा, तुम्ही जाऊन घेऊन या आणि तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजा.