जुनी लष्करी जीप घेताय? चासी नंबर तपासताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या जीपच्या व्यवहारात बहुतेक जण आधी आरसी बुक हातात घेतात आणि त्यातला नंबर गाडीवर शोधायला लागतात. पहिली चूक इथेच होते. काय दिसायला हवं हे आधीच ठाऊक असलं की गंजलेला ३ सुद्धा सरळ ८ दिसतो. मी बुक आधी बघतच नाही. चासीवरचा नंबर वाचतो, वहीत लिहितो, पेन्सिलीने ठसा घेतो आणि मगच मालकांना म्हणतो, "दाखवा आता बुक."

तो ठसा घेताना घाई नको. रॉकेलात भिजवलेलं फडकं, दात घासायचा जुना ब्रश, पातळ कागद आणि मऊ शिसाची पेन्सिल एवढं पुरतं. रंगाचे थर जाड असतील तर पेंट रिमूव्हर लावा. ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर मात्र कोणाला लावू देऊ नका. जुने आकडे उथळ असतात. एकदा घासले गेले की अस्सल गाडीवरही संशय येतो. नाशिककडच्या एका द्राक्षबागेत उभी असलेली जीप मी अशीच दीड तास पुसत बसलो होतो. वर पांढरा रंग, त्याखाली लाल, तळाशी लष्करी हिरवा. शेवटी कागदावर 'जीपीडब्ल्यू' (फोर्डच्या युद्धकाळातल्या जीपचं नाव) यातल्या पहिल्या अक्षराची कमान उमटली, तेव्हा बागायतदार काका स्वतः वाकून बघायला आले.

नंबर नेमका कुठे बघायचा

दुसऱ्या महायुद्धातली जीप मुख्यतः दोन कंपन्यांनी बनवली: विलीजची एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. विलीजचा नंबर एका छोट्या पट्टीवर असतो. ती पुढच्या बंपरमागे, चासीच्या डाव्या चॅनलला (लांब लोखंडी दांड्याला) आतून रिव्हेटने बसवलेली असते. फोर्डचा नंबर त्याच डाव्या चॅनलच्या वरच्या अंगाला, थेट लोखंडात ठोकलेला असतो. डावा म्हणजे गाडीत बसल्यावर डाव्या हाताचा.

दोन्ही गाड्यांचे बहुतेक भाग एकमेकांना बसतात, त्यामुळे सरमिसळ भरपूर झाली आहे. म्हणून नंबर वाचला की रेडिएटरखालचा पुढचा आडवा दांडा बघा. गोल नळी असेल तर चासी विलीजची, उलट्या यू आकाराची पट्टी असेल तर फोर्डची. गोल नळीच्या चासीवर 'जीपीडब्ल्यू' ठोकलेलं दिसलं, तर व्यवहार तिथेच थांबवा. एमबीचे नंबर १००००१ पासून सुरू झाले, त्यामुळे एमबीवर पाच आकडी नंबर दिसला तरी सावध व्हा. फोर्डच्या बाबतीत पाच आकडी नंबर ठीक आहे.

डॅशबोर्डवरच्या पत्र्याच्या पाट्यांवर मालकांचा फार भरवसा असतो. त्यांवर नंबर असतो, सैन्याला गाडी दिल्याची तारीखही असते. पण अशा कोऱ्या पाट्या आज नव्या बनवून मिळतात, हवा तो आकडा त्यांवर ठोकता येतो. पाटी चासीशी जुळली तर आनंद, पण नुसती पाटी हा पुरावा नाही.

इंजिनाचंही तसंच. फोर्डच्या कारखान्यातून बाहेर पडताना इंजिन आणि चासीचा नंबर एकच होता. विलीजचे दोन नंबर मुळातच वेगळे. म्हणून विलीजमध्ये ते जुळत नाहीत म्हणून गाडी नाकारू नका. सैन्याच्या डेपोतही इंजिनं बदलली जात, नंतर कित्येक जीपांत डिझेल इंजिन बसलं. बदल आरसीवर चढवलेला आहे का, एवढं बघा. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज गाड्यांसाठीच्या 'व्हीए' मालिकेतला नोंदणी नंबर घ्यायचा असेल, तर चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत.

आजच्या गाड्यांसारखा सतरा अक्षर-आकड्यांचा चासी नंबर शोधू नका. ती पद्धत १९८० च्या आसपासची, या गाड्या १९४५ पर्यंतच्या. आरसीवरचं नोंदणीचं वर्ष हे बनावटीचं वर्षही धरू नका. सैन्याने लिलावात काढलेल्या गाड्यांचं पासिंग पुढे कधीतरी झालेलं असतं.

ठसा आणि आरसी जुळत नसेल तर

आधी फरक कसला आहे ते बघा. हाताने लिहिलेल्या बुकातून संगणकावर नोंद चढवताना नंबराआधीची अक्षरं गळतात, इंग्रजी ओ आणि शून्य, बी आणि ८ यांची अदलाबदल होते. असा एखादा फरक असेल तर जुनं बुक, ठसा आणि अर्ज घेऊन आरटीओत दुरुस्ती मागता येते. चार-पाच आकडे वेगळे असतील तर ती लेखनाची चूक नाही.

"साहेब, पंच मारून जुळवून देतो," असं एखादा मिस्त्री आपुलकीने सांगेल. कृपा करून ऐकू नका. चासी नंबरशी छेडछाड हा गुन्हा आहे, आणि ती लपतही नाही. पंचाचा घाव वरचा लोखंडी थर घासला तरी खाली दाब ठेवून जातो. प्रयोगशाळेत आम्ल लावून जुना आकडा पुन्हा उठवता येतो.

आरसीतली दुरुस्ती विकणाऱ्याच्या नावावर गाडी असतानाच करून घ्या. नवी आरसी हातात पडेपर्यंत विसार देऊ नका.