क्रिप्टोचा अभ्यासगट कसा चालवावा, आणि ‘याला किंमत येते कुठून?’ हा प्रश्न कसा सोडवावा

क्रिप्टोचा गट काढणं अवघड नाही. भाव वर जात असला की माणसं आपण होऊन येतात, आणि पडला की तितक्याच लगबगीने दिसेनाशी होतात. अवघड असतं ते गट टिकवणं आणि त्याचा खरेदी-विक्रीचा अड्डा होऊ न देणं. त्यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसला आहे: या डिजिटल पैशाला किंमत कशामुळे येते, हे गटातल्या प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. हा प्रश्न टाळणारा गट आज ना उद्या कुणाच्या तरी ‘स्कीम’च्या तावडीत सापडतो.

तुम्ही वॉलेट वापरलं आहे, व्यवहार पाठवले आहेत आणि ब्लॉकचेन म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, असं गृहीत धरलं आहे.

पायरी १ : माणसं आणि जागा

दहा-पंधरा माणसं पुरेत. जागा सार्वजनिक असावी. बैठक कुणाच्याही घरी नको.

पायरी २ : नियम

पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचून दाखवा. गटात कुणी कुणासाठी नाणी विकत घेणार नाही. रेफरलची लिंक, म्हणजे नवा माणूस जोडला की पाठवणाऱ्याला कमिशन देणारी लिंक, कुणी पाठवणार नाही. कुणाकडे किती नाणी आहेत, हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. आपल्याकडे काय आहे हे जगजाहीर करणाऱ्यांना धाकदपटशा करून लुटल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत, त्यामुळे हा नियम फक्त सभ्यतेपुरता नाही. आणि सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट पुन्हा मिळवून देणारे ते बारा किंवा चोवीस शब्द, कुणालाही दाखवायचे नाहीत, गट चालवणाऱ्यालासुद्धा.

नियम मोडणाऱ्याला एकदा समज द्या, दुसऱ्यांदा बाहेरचा रस्ता दाखवा. इथे भीड भिकेची बहीण.

पायरी ३ : पहिली बैठक

सगळ्यांना टेस्टनेटचं, म्हणजे फक्त चाचणीसाठी चालवलेल्या बिटकॉइनच्या वेगळ्या जाळ्याचं, वॉलेट उघडायला लावा, फुकट मिळणारी टेस्टनेटची नाणी घ्या आणि एकमेकांना पाठवा. खरे पैसे अजिबात आणू नका. ही नाणी कुणी पुसून टाकणार नाही याची काळजी घ्या, पुढच्या बैठकीत त्यांचं मोठं काम आहे.

पायरी ४ : किंमत कुठून येते

खरी कसोटी इथे लागते. मला सगळ्यात जास्त दमवलं ते याच पायरीने. प्रश्न नुसता टाकला की खोलीचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘मर्यादित आहे म्हणून किंमत आहे.’ दुसरा म्हणतो, ‘मागे काहीच नाही, सगळा हवेतला मनोरा.’ दोघेही आवाज चढवतात आणि बैठक संपते तेव्हा जो तो आला तसाच परत जातो. म्हणून क्रम महत्त्वाचा. भावाचा आलेख भिंतीवर लावून सुरुवात करू नका. आलेख दिसला की माणसं किंमत का आहे हे विचारायचं सोडून ती कुठे जाणार याचे अंदाज बांधू लागतात.

सुरुवात त्या टेस्टनेटच्या नाण्यापासून करा. विचारा: तुमच्या फोनमधलं हे नाणं आणि खरं बिटकॉइन यांत फरक काय? सॉफ्टवेअर तेच. गुप्तलेखन तेच. २ कोटी १० लाखांची कमाल मर्यादाही तीच. मग एकाला किंमत आहे आणि दुसऱ्याला शून्य, असं का? थोडा वेळ गप्प बसा, उत्तर तुम्ही देऊ नका. कुणीतरी म्हणेलच, ‘कारण हे कुणी घेत नाही.’ मग पुढचा प्रश्न: का घेत नाही? कारण ही नाणी चाचणीपुरती आहेत आणि ते जाळं कधीही मोडून नव्याने सुरू होऊ शकतं, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे एक खरी हकीकत सांगा. सुरुवातीच्या काळात काही लोक टेस्टनेटची नाणीसुद्धा खऱ्या पैशांत विकू लागले होते, म्हणून ते जाळं नव्याने सुरू करावं लागलं. म्हणजे नाणं उद्याही चालेल असं वाटताच त्याला भाव आला, आणि जाळं मोडलं तसा तो गेला. कोडमध्ये फरक पडला नव्हता, बदलली होती ती लोकांची खात्री.

एवढं पटलं की ‘मर्यादित आहे म्हणून’ हा युक्तिवाद आपोआप ढिला पडतो. तरी कुणी अडून बसलाच तर दोन उदाहरणं पुढे करा. १ ऑगस्ट २०१७ रोजी बिटकॉइनपासून बिटकॉइन कॅश वेगळं झालं. मर्यादा तीच, तोवरचा इतिहासही तोच, पण भाव बिटकॉइनच्या कितीतरी खाली. दुसरीकडे डोजकॉइनला कमाल मर्यादाच नाही. साधारण दर मिनिटाला १०,००० नवी नाणी, म्हणजे वर्षाला ५०० कोटींहून जास्त, आणि तरीही त्याला किंमत आहे. टंचाई असलेली किंमत टिकवायला मदत करते, नसलेली किंमत ती जन्माला घालत नाही. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावं या मताचा मी आहे.

मग वीज येते. ‘एक नाणं काढायला इतकी वीज लागते, म्हणून इतकी किंमत’ हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता संयम राहत नाही. या समजुतीला इतिहास आहे, तो जरूर सांगा: ऑक्टोबर २००९ मध्ये ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’ या बिटकॉइनच्या देवघेवीच्या संकेतस्थळाने बिटकॉइनचा पहिलावहिला दर जाहीर केला, १ डॉलरला १,३०९.०३ बिटकॉइन, आणि तो विजेच्या खर्चावरूनच काढलेला होता. पण यंत्रणा नीट पाहिली की कार्यकारणभाव उलटा निघतो. बिटकॉइनमध्ये दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, मायनिंगची, म्हणजे संगणक राबवून नवे ब्लॉक जोडण्याची आणि त्याबद्दल नवी नाणी मिळवण्याची, काठिण्यपातळी बदलते. भाव वाढला की जास्त मायनर, म्हणजे हे काम करणारे, येतात, काठिण्य वाढतं, खर्च वाढतो. मायनर निघून गेले की काठिण्य उतरतं आणि खर्चही उतरतो. २०२१ मध्ये चीनने मायनिंगवर बंदी आणली तेव्हा जगातली मोठी क्षमता बंद पडली आणि ३ जुलैला काठिण्य जवळपास २८ टक्क्यांनी घसरलं. उरलेल्यांना तेच नाणं कमी विजेत मिळू लागलं. किंमत पुढे चालते आणि खर्च तिच्या मागे जातो. विजेचं काम वेगळं आहे: ती जुन्या नोंदी बदलणं महाग करते. सुरक्षिततेसाठी हे मोलाचं आहे, पण नुसती वीज जाळून कुठल्याही नाण्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

आता दुसऱ्या तटाकडे वळा, ‘मागे काहीच नाही’वाल्यांकडे. त्यांना उडवून लावू नका, त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना इराकचा स्विस दिनार सांगा. १९९० नंतरच्या निर्बंधांच्या काळात इराक सरकारने देशातच हलक्या प्रतीच्या नोटा भरमसाट छापल्या. चांगल्या छपाईच्या जुन्या नोटांना लोक स्विस दिनार म्हणत. १९९३ मध्ये सरकारने त्या रद्द केल्या. उत्तरेतल्या कुर्द भागात मात्र त्या चालूच राहिल्या. त्यांच्यामागे ना सरकार होतं ना सोनं, आणि नव्याने त्या छापणारं कुणी नव्हतं. तरी २००३ मध्ये नवं चलन आलं तेव्हा एका स्विस दिनारला १५० नवे दिनार मिळाले. मागे कुणी उभं नसतानाही पैसा चालू शकतो, एवढंच यातून सिद्ध होतं. प्रत्येक नाणं चालेलच, असं मुळीच नाही. हा दुसरा भाग सांगायला विसरलात तर गटातला उत्साही गडी पहिल्या भागाचाच झेंडा करून मिरवेल.

मग सरळ सांगा की किंमत समोरच्याच्या ‘घेतो’ म्हणण्यातून येते. २२ मे २०१० रोजी लास्लो हॅन्येझने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले, ही गोष्ट सगळे सांगतात, पण नाणी देणाऱ्याची म्हणून. माझ्या लेखी त्या व्यवहारातला मोठा माणूस ती नाणी घेणारा. पुढेही कुणीतरी घेईल या खात्रीला टेकू देणाऱ्या गोष्टी बिटकॉइनकडे आहेत: कुणाची परवानगी न घेता पैसे पाठवता येतात, जगभर पसरलेले नोड, म्हणजे बिटकॉइनचं सॉफ्टवेअर चालवणारे संगणक, नियम तपासत असल्यामुळे ते नियम एकट्यादुकट्याला बदलता येत नाहीत, आणि विकायचं म्हटलं तर खरीददार सापडतो. याखेरीज आजच्या भावाचा बराचसा भाग ‘उद्या आणखी वाढेल’ या अपेक्षेवर उभा आहे. हे लपवू नका. हे सांगायला कचरणाऱ्यावर गटाने विश्वास का ठेवावा?

प्रत्येक नाण्याचं उत्तर वेगळं असतं, हेही इथेच बजावा. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनवरच्या व्यवहारांचं शुल्क तिच्याच इथर या नाण्यात भरावं लागतं आणि ऑगस्ट २०२१ पासून त्यातला एक भाग कायमचा नष्ट होतो. स्टेबलकॉइनची, म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या नाण्याची, किंमत परतफेडीच्या वचनावर उभी असते, म्हणून वचनामागे काय आहे ते बघायचं. मे २०२२ मध्ये टेरायूएसडी हे स्टेबलकॉइन काही दिवसांत कोसळलं, कारण त्याचा आधार लूना हे त्याच घरचं नाणं होतं आणि दोन्ही एकमेकांना घेऊन बुडाली. मार्च २०२३ मध्ये यूएसडीसी हे दुसरं स्टेबलकॉइनही एका डॉलरच्या खाली गेलं, त्याच्या गंगाजळीचा एक हिस्सा बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकला म्हणून. पण ठेवी सुरक्षित आहेत हे कळताच ते परत जागेवर आलं. या दोन घटना शेजारी ठेवल्या की ‘आधार’ म्हणजे काय, हे वेगळं समजावावं लागत नाही.

पायरी ५ : चिठ्ठ्यांचा खेळ

वरचं सगळं ऐकून लोक मान डोलावतील. मान डोलावणं म्हणजे समजणं नव्हे, म्हणून हा खेळ त्याच बैठकीत घ्या.

दहा जणांना प्रत्येकी दहा चिठ्ठ्या आणि १०० गुण द्या. चिठ्ठी म्हणजे नाणं, गुण म्हणजे पैसे. सगळ्यांना घ्यायचा आणि विकायचा भाव कागदावर लिहायला सांगा. कागद टेबलावर मांडा, विकत घेणाऱ्यांचे एका बाजूला, विकणाऱ्यांचे दुसऱ्या. जिथे भाव जुळतो तो सौदा करा. समजा एक चिठ्ठी २० गुणांना गेली. आता फळ्यावर गणित मांडा: एकूण चिठ्ठ्या १००, शेवटचा भाव २०, म्हणजे बाजारमूल्य २,००० गुण. मग विचारा, खोलीत मुळात गुण किती आहेत? १,०००. जे गुण खोलीत नाहीतच ते ‘बाजारमूल्या’त कुठून आले?

इथे खोली शांत होते. बातम्यांत येणारं ‘मार्केट कॅप’ म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले चलनात असलेली नाणी, इतकंच. तेवढा पैसा कुठे ठेवलेला नसतो. लगेच दुसरी फेरी घ्या: सगळ्यांनी एकदमच विकायला काढायचं. भाव कसा गडगडतो ते सगळ्यांना आपल्या डोळ्यांनी दिसतं, आणि ‘माझ्या नाण्यांची आज इतकी किंमत आहे’ हे वाक्य त्यानंतर कुणी पूर्वीच्या ठसक्यात बोलत नाही.

हा खेळ पडद्यावर, तयार ॲपवर घेऊ नका. चिठ्ठी हातात असताना ती कुणी घेत नाही, हे जे जाणवतं ते स्क्रीनवर जाणवत नाही.

पायरी ६ : नवं नाणं गटात आलं की

ते येणारच. कुणीतरी ‘हे बघा, अजून स्वस्त आहे’ म्हणत येईल. त्याला तीन प्रश्न विचारा: याचा भाव ठरवतं कोण? हे काढणाऱ्यांच्या नात्यागोत्याबाहेरचा माणूस ते विकत घेतो का? आणि मी आज विकायला काढलं तर पैसे माझ्या हातात पडतील का?

वनकॉइन या बनावट नाण्याची हकीकत प्रत्येक गटाने पाठ करावी. ते जगभर अशाच छोट्या मेळाव्यांतून, ओळखीच्या माणसांकडून साखळी पद्धतीने विकलं गेलं. पडद्यावरचा भाव चढत राहिला, पण तो कंपनी स्वतःच ठरवत होती. खुल्या बाजारात ते नाणं विकण्याची सोय नव्हती आणि मागे खरी ब्लॉकचेनही नव्हती. संस्थापिका रुजा इग्नातोवा २०१७ मध्ये गायब झाली, तर सहसंस्थापक कार्ल ग्रीनवूडला सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २० वर्षांची शिक्षा सुनावली. वरच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्यालाच वनकॉइन गळालं असतं. पण मेळाव्यात विचारणारा ओळखीचा आणि विकणाराही ओळखीचा असला की प्रश्न घशातच राहतो. म्हणून गटात प्रश्न विचारण्याची पाळी लावा. ज्याची पाळी त्याने विचारलंच पाहिजे, मग समोर सख्खा मामा का असेना.

पायरी ७ : पुढे

नाणी एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, ठेवण्याचे धोके, करनोंदी आणि तुमच्या देशातले नियम यांसाठी एकेक बैठक द्या. नवे सदस्य आले की चिठ्ठ्यांचा खेळ पुन्हा घ्या, आणि या वेळी तो तुम्ही घेऊ नका. मागच्या खेपेला ज्याने सगळ्यात जोरात वाद घातला होता, त्याच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा द्या.