रूट कॅनॉल झालं, जंतू मात्र आतच: या चुका टाळा

केळीचा माल निघायला लागला की आमच्या रावेर-यावल पट्ट्यात अर्धवट सोडलेल्या रूट कॅनॉलची संख्या वाढते. रूट कॅनॉल म्हणजे दाढेतली नस काढून मुळातली पोकळ नळी साफ करायची आणि भरायची. गेल्या उन्हाळ्यात एक काका पहिल्या सिटिंगनंतर खुर्चीतून उठताना म्हणाले, "आते काय दुखत नई, डॉक्टरसाहेब," आणि थेट चार महिन्यांनी उगवले. तोवर तात्पुरतं सिमेंट अर्धं उडालेलं, दाढेत कळण्याच्या भाकरीचे कण, आणि वास असा की मास्कमधूनही आला.

दुखणं थांबलं म्हणजे जंतू गेले, ही सगळ्यांत महागडी समजूत. दाढेच्या आतल्या कळेला नस लागते आणि ती बहुतेकदा पहिल्याच दिवशी काढलेली असते. जंतूंना नस नसली तरी चालतं. 1965 साली उंदरांवर एक प्रयोग झाला. नेहमीच्या उंदरांच्या दाढा उघड्या ठेवल्या तर नस सडली, पू झाला. जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या उघड्या दाढांत अन्न अडकलं, तरी नस जगली आणि वर नवं कवच धरलं. म्हणजे दाढेतली लढाई जंतूंशीच आहे.

दुसरी चूक एक्स-रेवर भाळण्याची. मुळाच्या टोकापर्यंत पांढरी रेघ दिसली की पेशंट खूश, डॉक्टरही खूश. ती रेघ गटापर्चा, म्हणजे नळीत भरायचा रबरासारखा पदार्थ, कुठवर पोचला एवढंच सांगते. जंतू एक्स-रेत दिसत नाहीत. त्यांनी खाल्लेलं हाड काळ्या डागासारखं दिसतं, तेही बरंच खाऊन झाल्यावर.

मग कळणार कसं? दवाखान्यातलं रोजचं साधन म्हणजे पेपर पॉइंट, कागदाची सुईसारखी बारीक वात. नळीत घालायची, बाहेर काढून दिव्याखाली धरायची. टोक पिवळट ओलं किंवा वास मारणारं असेल तर त्या दिवशी दाढ बंद करायची नाही. फक्त टोकाला रक्त असेल तर बहुतेक वेळा फाइल (नळी घासायची बारीक सुई) मुळाबाहेर गेलेली असते, लांबी पुन्हा मोजा. पॉइंटवर पॉइंट घालूनही ओलच येत असेल, तर सुटलेली नळी शोधा किंवा रबर डॅम (लाळ दूर ठेवायला दाढेभोवती लावलेला रबरी पडदा) कुठून गळतोय ते बघा. वरच्या पहिल्या दाढेत निम्म्याहून जास्त वेळा चौथी नळी असते आणि घाईत तीच राहते.

पण कोरडा, बिनवासाचा पॉइंट म्हणजे नळी साफ, असं मानू नका. जंतू मुळाच्या भिंतीतल्या सूक्ष्म नळ्यांत आणि फाट्यांत दडतात, तिथे वात पोचत नाही. कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, करायचं तर निकालाला काही दिवस जातात, आणि हवेत न जगणारे जंतू बरेचदा लॅबपर्यंत पोचेस्तोवर मरतात. तरी कल्चरला किंमत आहे. 1997 च्या एका अभ्यासात नळी भरण्याच्या वेळी कल्चर निगेटिव्ह असलेल्या 94 टक्के दातांची मुळं पूर्ण बरी झाली, पॉझिटिव्ह असलेल्यांत 68 टक्के. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये याच पेपर पॉइंटवरच्या जंतूंना चमकणारा रंग लावून काही मिनिटांत निकाल देणारी पद्धत तयार झाली. आमच्या भागात ती मी अजून पाहिलेली नाही.

नमुना घेताना होणाऱ्या चुका तर आम्हा डॉक्टरांच्याच. नळीत हायपो (नळी धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट) शिल्लक असताना नमुना घेतला की तो नमुन्यातल्या जंतूंनाही मारतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. आधी सोडियम थायोसल्फेटने त्याचा असर घालवायचा, मग निर्जंतुक सलाइन भरून पॉइंट मिनिटभर आत ठेवायचा. डॅमशिवाय घेतलेल्या नमुन्यात लाळेतले जंतू येतात आणि रिपोर्ट खोटा वाईट येतो. पीसीआर या डीएनए शोधणाऱ्या तपासणीत मेलेल्या जंतूंचा डीएनएही मोजला जातो, म्हणून पॉझिटिव्ह आलं की लगेच घाबरायचं नाही.

ओल्या पॉइंटवर नळी भरून टाकण्याची चूक मीही केली आहे. प्रॅक्टिसची सुरुवात, बाजाराचा दिवस, बाहेर रांग. खालच्या दाढेचा पॉइंट ओला आला. मी दोनदा पुसलं आणि नळी भरून टाकली. दीड वर्षाने त्या ताई हिरडीवर पुळी घेऊन आल्या. दाढ उघडून सगळं पुन्हा केलं, अर्थात फुकट.

नळीत जंतू असल्याची शंका असेल तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध भरून एक-दोन आठवडे थांबणं बरं. त्यालाही दाद न देणारा एंटरोकॉकस फेकॅलिस नावाचा चिवट जंतू आहे, म्हणून औषध भरलं तरी हायपोने भरपूर धुण्याला पर्याय नाही. पेशंटने दोन गोष्टी पाळाव्यात: तारीख चुकवायची नाही, आणि वरचं सिमेंट उडालं तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात यायचं. नळी भरल्यावर दाढेवरची कॅपही लांबवू नका. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास असं काही झालं तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काकांची दाढ तिसऱ्या सिटिंगला कोरडी झाली, मग भरली. सहा महिन्यांनी एक्स-रेला बोलावलं तर आले, हातात केळीची फणी. मुळाखालचा काळा डाग निम्मा झालाय. पूर्ण भरलाय का, ते पुढच्या एक्स-रेत बघू.