पाच दिवसांत अंदमान: आखणी करताना या चुका टाळा

अंदमानहून हिरमुसून परतलेली मंडळी बहुतेक वेळा हवामानाला बोल लावतात. त्यांचे वेळापत्रक मागून घेऊन पाहिले, तर सहलीचा विचका घरी बसून केलेल्या आखणीतच झालेला असतो. महाबळेश्वरला जाताना गाडी चुकली तर दुसरी मिळते. येथे दोन मुक्कामांच्या मध्ये समुद्र असतो, आणि बोट सुटेल की नाही हे त्या दिवसाचा वारा ठरवतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शेवटची रात्र लहान बेटावर ठेवणे. ती आम्हीही केली. शेवटचा मुक्काम हॅवलॉकला, सकाळची बोट पकडून दुपारचे विमान गाठायचे, असा कागदावर अगदी नेटका दिसणारा बेत होता. सकाळी धक्क्यावर पोहोचलो तेव्हा वाऱ्यामुळे आमची बोट रद्द झाली होती. खिडकीपुढे शंभरेक माणसे पुढच्या बोटीसाठी रांगेत होती आणि सासरे बॅगेवर बसून चिवड्याचा डबा उघडावा की नाही या विचारात होते. पैसे परत मिळाले ते फक्त बोटीचे, विमानाचे नाहीत. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत, जेथे विमानतळ आहे त्या पोर्ट ब्लेअरला परत यावे, आणि बोट व विमान यांची तिकिटे एकाच दिवसाची कधीही काढू नयेत.

मग सेल्युलर जेल कधी पाहायचे? पुष्कळ जण ते परतीच्या दिवसासाठी राखून ठेवतात. मला तसे करणे धोक्याचे वाटते. बेटावर अडकलात तर नेमके तेच हुकते, आणि सावरकरांची कोठडी न पाहता परतल्याची चुटपुट मराठी माणसाला पुढे अनेक वर्षे लागून राहते. पहिल्या दिवशी सकाळच्या विमानाने उतरावे, दुपारी जेल पाहावे, संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम पाहावा आणि दुसऱ्या दिवशी बेटांकडे निघावे. जेलसाठी तास-दीड तास तरी हाताशी ठेवावा. मूळच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत, तरी एका इमारतीचा दर्शनी भाग दुसरीच्या पाठीकडे ठेवण्यामागचा हेतू, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचे तोंडही दिसू नये हा, कोठडीच्या गजांशी उभे राहिल्याशिवाय नीट उमगत नाही. परतीच्या मोकळ्या दुपारी पोर्ट ब्लेअरजवळचे रॉस बेट पाहावे. ते हुकले तरी फार बिघडत नाही.

नावांचा घोळही आधीच निस्तरलेला बरा. 2018 च्या अखेरीस हॅवलॉकचे स्वराजद्वीप, नीलचे शहीदद्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले, तर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरला श्री विजयपुरम हे नाव मिळाले. तिकिटावर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरे असे सर्रास होते; जागा तीच असते.

सुट्ट्या पाहून तारखा ठरवणे ही खास आपल्याकडची चूक आहे. मे महिन्याचा उत्तरार्ध मोकळा असतो, परंतु नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, अंदमानात पोहोचतो. दिवाळीची सुट्टीही तितकीच फसवी, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही तोच हंगाम असतो. जानेवारी ते मध्य एप्रिल हा काळ साधला, तर निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

आता घड्याळाविषयी, कारण येथे भले भले फसतात. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे आणि दर रेखांशाला चार मिनिटे धरली, तर सूर्याच्या हिशेबात ऐंशी मिनिटांचा फरक पडतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. डिसेंबरात तेथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी दोनच्या बोटीने हॅवलॉकला निघालेला माणूस खोलीत बॅगा टाकून राधानगरच्या प्रसिद्ध किनाऱ्यावर पोहोचतो तो अंधारातच. त्यामुळे सकाळची पहिली बोट धरावी, जेवण लवकर उरकावे आणि घरी साडेसहाला उठणाऱ्यांनी तेथे पाचला उठण्याची तयारी ठेवावी.

नील बेटावर घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची ठरते. तेथील नैसर्गिक खडकाच्या कमानीपर्यंत ओहोटीतच चालत जाता येते, उलट भरतपूरच्या किनाऱ्यावर पोहायला आणि काचेच्या तळाच्या बोटीत बसायला पुरेसे पाणी लागते. दोन ओहोट्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते, म्हणून एक पहाटे पाचला आणि दुसरी संध्याकाळी साडेपाचला अशा तारखा आल्या, तर कमान उजेडात नीट पाहताच येत नाही. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणाऱ्यांनी तो हिशेब येथे लावू नये. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. हॉटेल ठरवतानाच त्या दिवसाची ओहोटी विचारून घ्यावी. पायांत पकड असलेल्या रबरी सँडल हव्यात, कारण मृत प्रवाळाची धार पायाला चांगलीच लागते.

ज्यांना बोट लागते त्यांनी खासगी बोटीत पुढची ‘चांगली’ जागा जादा पैसे देऊन घेऊ नये. पुढचा भाग सर्वाधिक आपटतो; मधल्या किंवा मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसावे. पोट रिकामेही नको आणि तुडुंबही नको, आणि डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी बोट हलू लागल्यावर न घेता अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी.

स्कुबा डायव्हिंग शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये. पाण्याखालून आल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावेत, अन्यथा शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. दमा किंवा रक्तदाब असल्यास अर्जावर तो लपवू नये.

बाराटांगची चुनखडीची गुहा पाच दिवसांत कोंबण्याचा मोहही टाळावा. त्यासाठी पहाटे तीन-साडेतीनला निघून गाड्यांच्या ताफ्यात जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जावे लागते, आणि अख्खा दिवस खर्ची पडतो. तेथे गाडी थांबवणे, खाऊ देणे किंवा जारवांची छायाचित्रे घेणे हा गुन्हा आहे. कोणी चालक ‘दाखवतो’ म्हणाला, तर स्पष्ट नकार द्यावा.

परतीच्या विमानतळावर सामानाची तपासणी होते, तेव्हा किनाऱ्यावर वेचलेले प्रवाळाचे तुकडे आणि शिंपले काढून घेतले जातात आणि प्रकरण कायद्यापर्यंतही जाऊ शकते. दुकानातून शंख घेतला असेल तर पावती जवळ ठेवावी, आणि लहान मुलांचे खिसे मात्र हॉटेलातून निघण्यापूर्वीच तपासून घ्यावेत.