पाणी अडवलं की टँकर बंद होणार का? प्रोजेक्टमधली गृहीतकं आधीच कशी तपासायची

गावात बंधारा बांधा नाहीतर शिलाई मशीनचं ट्रेनिंग ठेवा, प्रपोजलमध्ये बजेट, फोटो, लाभार्थी सगळं असतं, फक्त आपण मनात काय धरून चाललोय ते कुठेच लिहिलेलं नसतं. मी पाण्याचंच उदाहरण घेतो, कारण तिथे माझे स्वतःचे हात पोळलेत.

आधी अख्खा प्लॅन साध्या भाषेत लिहा आणि प्रत्येक ‘म्हणून’पाशी थांबा. आमचा होता: नाला खोल केला म्हणून पाणी मुरेल, मुरलं म्हणून विहिरी भरतील, म्हणून उन्हाळ्यात टँकर लागणार नाही. आता प्रत्येक ‘म्हणून’खाली लिहा, हे व्हायला काय खरं असावं लागेल? पहिल्याखाली आम्ही लिहिलं, खालचा खडक पाणी मुरू देणारा हवा, दुसऱ्याखाली, पाऊस पुरेसा हवा, आणि तिसरं सोडूनच दिलं, की पाणी वाढलं तरी उपसा वाढणार नाही. पुढच्याच वर्षी विहिरी भरल्या, लोकांनी ऊस लावला, चार नवीन बोअर पडले आणि मार्चमध्ये टँकर परत दारात! लोकांना काय बोलणार, पाणी दिसलं की शेतकरी ऊस लावणारच.

मग यादीतलं सगळंच तपासत बसू नका, वेळ नसतो. जे खोटं निघालं तर सगळंच बुडेल आणि ज्याबद्दल आपल्याला सगळ्यात कमी माहीत आहे, ते आधी.

तपासायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे आकडेमोड. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर. 1,000 हेक्टरच्या शिवारात 500 मिमी पडला तर 500 कोटी लिटर झाले, त्यातलं बरंच वाहून जातं, उडून जातं हे मान्य. पण 1,500 लोकांना जलजीवन मिशनच्या (घरोघरी नळाने पाणी द्यायची सरकारी योजना) हिशोबाने माणशी 55 लिटर रोज धरले तरी वर्षाला साधारण 3 कोटी लिटर लागतात. आणि एक एकर ऊस पाटाने भिजवला तर 80 लाख ते 1 कोटी लिटर सहज पितो. म्हणजे तीन-चार एकर उसात अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी! हे गणित वहीच्या एका पानावर होतं, आम्ही ते जेसीबी लावायच्या आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या प्लेपंपचं पण असंच झालं. मुलांनी चक्रावर खेळायचं, त्यावर पंप चालून पाणी टाकीत जाणार, आयडिया सगळ्यांनाच आवडली. 2009 मध्ये ‘द गार्डियन’ने हिशोब मांडला तेव्हा ठरवलेल्या लोकांना पुरेल एवढं पाणी काढायला मुलांना दिवसाचे 27 तास खेळावं लागलं असतं.

आकडे झाले की माणसं. ‘पाणी वाढलं तर ऊस लावाल का’ असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतात. ‘मागच्या वेळी पाऊस चांगला झाला तेव्हा काय लावलं होतं’ असं विचारा. टँकरच्या ड्रायव्हरला विचारा, हंडे आणणाऱ्या बायकांशी वेगळं बसून बोला, कारण ग्रामसभेत त्या फारशा बोलत नाहीत. सातबारावरचा पीकपेरा बघा पण शिवारातही फिरा, कागदावर बाजरी आणि रानात ऊस असं सर्रास असतं.

त्यानंतर आधी एकच नाला खोल करून बघा आणि दर महिन्याला दोरीला दगड बांधून आजूबाजूच्या विहिरी मोजा. पाणी कुठवर गेलं की आपलं चुकलं असं समजायचं ते आधीच लिहून ठेवा, नाहीतर नंतर आपणच सोयीचा अर्थ काढतो.

गृहीतक कच्चं निघालं तर प्रोजेक्ट सोडायलाच हवा असं नाही, त्यालाच कामात घ्या. हिवरे बाजार या गावाने नुसतं पाणी अडवलं नाही, शेतीसाठी बोअर आणि उसासारखी पिकं बंद केली, आणि दरवर्षी पाण्याचं बजेट मांडून मग पिकं ठरवतात.

पुढच्या गावात आम्ही तिसरी ओळ पण लिहिली आणि सगळी यादी पारावर वाचून दाखवली. नळाला पाणी सोडणारे काका हसले आणि म्हणाले, ‘ते सगळं ठीक आहे, पण रात्रीच्या मोटारी कोण बंद करणार?’ ग्रामसभेचा पहिला विषय तोच ठेवला.