प्रयोगशाळेतले पट्टीचुंबक: ताकद टिकवणे आणि परत आणणे

पट्टीचुंबक ड्रॉवरमध्ये कसेही टाकले की सजातीय ध्रुव शेजारी येतात आणि एकमेकांना दुबळे करत राहतात. पोलादी आणि अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबकांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो. काळे, सिरॅमिकसारखे फेराइट किंवा फार ताकदवान निओडिमियम चुंबक सहसा दाद देत नाहीत. तेव्हा आधी ठेवण्याची पद्धत सुधारा, नाहीतर पुढची मेहनत वाया जाईल.

दोन पट्ट्या समांतर ठेवा. एकीच्या उत्तर ध्रुवाशेजारी दुसरीचा दक्षिण ध्रुव. मध्ये लाकडाची पातळ पट्टी घाला आणि दोन्ही टोकांना मृदू लोखंडाचे तुकडे आडवे लावा. हेच चुंबकरक्षक. हरवले असतील तर साध्या लोखंडी पट्टीचे तुकडे चालतात; स्टेनलेस स्टील नको, त्याच्या बऱ्याच प्रकारांना चुंबक धरतच नाही. नालाकृती चुंबकाला एक रक्षक पुरतो.

ताकद गेलेली पट्टी घासून परत आणता येते. त्यासाठी निओडिमियमचा एक चुंबक घ्या.

१. होकायंत्राने पट्टीचा उत्तर ध्रुव शोधा: सुईचे दक्षिण टोक जिथे ओढले जाते तो. लाल रंगावर विसंबू नका, ध्रुव उलटलेले असू शकतात. निओडिमियम दूर ठेवा, नाहीतर सुईचेच ध्रुव उलटतील.
२. निओडिमियमचा दक्षिण ध्रुव पट्टीच्या मध्यावर टेकवून उत्तर टोकापर्यंत ओढत न्या.
३. टोकाला पोचल्यावर वर उचला आणि हवेतून लांब वळसा घेऊन मध्यावर परत आणा. घासत मागे आणलात तर केलेले काम पुसले जाते. असे ३०-४० वेळा करा.
४. चुंबक उलटा करून उत्तर ध्रुवाने उरलेला अर्धा भाग तसाच घासा.

आधी आणि नंतर किती टाचण्या उचलल्या जातात ते मोजा. आकर्षण तर साध्या लोखंडालाही होते, त्यामुळे ध्रुवाची खात्री प्रतिकर्षणानेच करायची.

उष्णतेचे भान ठेवा. लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला संपते, पण साध्या प्रतीचे निओडिमियम ८० अंशांच्या पुढेच कायमचे दुबळे होऊ लागते. ते ग्लू गनने चिकटवू नका, एपॉक्सी वापरा. आपटणे आणि हातोडी पोलादी चुंबकांना विशेष बाधते.

फेराइटची पट्टी आडवी तुटली तर तुकडे आपोआप नीट जुळतात, एपॉक्सीने जोडता येतात. सपाट बाजूंवर ध्रुव असलेली चकती दुभंगली तर मात्र अर्धे भाग एकमेकांना ढकलतात. ते शिकंजात धरूनच चिकटवावे लागतात.